प्रतिकारक वाण व व्हायरस प्रभेद

पिकाच्या एखाद्या वाणात विशिष्ट व्हायरसाला अटकाव करण्याची आनुवंशिक क्षमता असल्यास त्या वाणाला त्या व्हायरसाचा प्रतिकारक वाण असे म्हणतात. एकाच जातीच्या व्हायरसाचे जे प्रकार लक्षणे, आश्रय वनस्पती अथवा प्रथिनांची घडण ह्यांबाबतीत परस्परांपासून थोडेफार भिन्न असतात त्यांना प्रभेद म्हणतात. प्रतिकारक वाणाच्या लागवडीने रोगाचे प्रमाण घटते, हा त्याचा सर्वपरिचित उपयोग होय. परंतु त्याचा दुसरा परिणामही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या प्रभेदांना तो वाण ओळखतो ते मागे पडतात आणि ज्यांना ओळखत नाही त्यांना मोकळे रान मिळते. त्यामुळे एखाद्या प्रदेशात कोणता प्रभेद पसरावा, हे वारा, पाऊस व कीटक ह्यांच्याइतकेच तेथील शेतकऱ्यांनी निवडलेल्या बियाण्यावरही अवलंबून असते. बटाटा व टोमॅटो ह्या सोलॅनेसी कुलातील दोन पिकांत ह्याचा अभ्यास विशेष झालेला आहे. [⟶ टोमॅटो, बटाटा, व्हायरस].

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे टोमॅटोच्या पिकात दिसतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर व अकोले, पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव आणि नासिक जिल्ह्याचा मोठा भाग मिळून टोमॅटोचा जवळजवळ सलग पट्टा तयार झाला आहे. संगमनेर हे प्रवरा व म्हाळुंगी ह्या नद्यांच्या संगमावर, पुणे-नासिक रस्त्यावर वसलेले असल्याने संगमनेर, नारायणगाव व पिंपळगाव बसवंत ह्या बाजारांचा माल, रोपे व मजूर ह्यांची ये-जा सतत चालू असते. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाल्यानंतर ह्या खोऱ्यात बागायत वाढली. विहिरी, शेततळी व ठिबक सिंचन ह्यांमुळे अलीकडच्या काळात टोमॅटो खरीप, रब्बी व उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत घेतला जाऊ लागला. बाजारभावाच्या दृष्टीने हे सोयीचे ठरले. व्हायरसाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा, की एका शेतातील बांबू-तारा उतरविण्यापूर्वीच शेजारच्या शेतात नवीन लावण झालेली असते आणि वाहक कीटकांना हिरवे झाड शोधण्यासाठी कधीच दूर जावे लागत नाही.

प्रतिकाराचे स्वरूप : ‘प्रतिकारक’ हा शब्द व्यवहारात फार सैलपणे वापरला जातो. प्रत्यक्षात त्यात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिल्या प्रकारात व्हायरस झाडात शिरला तरी त्याची वाढच होत नाही. ह्याला पूर्ण प्रतिकार किंवा प्रतिरक्षा म्हणतात. दुसऱ्या प्रकारात संसर्ग झालेल्या पेशी व त्यांच्याभोवतीच्या पेशी झटपट मरतात आणि व्हायरस त्या मृत ठिपक्यातच अडकून पडतो. ही अतिसंवेदनशील प्रतिक्रिया होय. तिसरा प्रकार सहिष्णुतेचा. त्यात व्हायरस झाडभर पसरतो, परंतु झाड फारसे आजारी दिसत नाही व बऱ्यापैकी उत्पन्न देते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्या तिहींत फारसा फरक नसतो, कारण त्याला फळ मिळाल्याशी काम. परंतु शेजाऱ्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. सहिष्णू वाण निरोगी दिसत असतानाच व्हायरसाचा साठा बनतो आणि पांढरी माशी वा मावा तेथून तो बिनबोभाट उचलून नेतात. बियाण्याच्या पाकिटावर ह्या तिन्ही गुणांसाठी बहुधा एकच शब्द छापलेला असतो, ही गोष्ट गैरसोयीची आहे.

पहिल्या दोन प्रकारांत बहुधा एकच प्रभावी जीन (आनुवंशिक लक्षणे पुढील पिढीत नेणारे गुणसूत्रावरील एकक) कार्य करीत असतो. त्या जीनापासून तयार झालेले प्रथिन व्हायरसाचे एखादे ठराविक प्रथिन ओळखते आणि बचावाची यंत्रणा सुरू करते. कुलूप व किल्ली ह्यांप्रमाणे ही ओळख नेमकी असते. व्हायरसाच्या त्या प्रथिनातील एक-दोन ॲमिनो अम्ले बदलली, की ओळख पटत नाही. बटाटा व टोमॅटोवरील अनेक व्हायरसांचे आनुवंशिक द्रव्य आरएनए असून त्याची नक्कल होताना चुका वारंवार होतात. त्यामुळे एका रोगट झाडातही उत्परिवर्तने (आनुवंशिक लक्षणांत आकस्मिक होणारे बदल) पुष्कळ असतात. संवेदनशील वाणावर अशा बदललेल्या कणांना विशेष फायदा नसतो; उलट, मूळ प्रथिन बिघडल्याने ते बहुधा दुबळेच असतात. प्रतिकारक वाणावर मात्र तेवढेच जगतात. म्हणजे वाण नवे प्रभेद निर्माण करीत नाही, तर असलेल्यांतून चाळून घेतो.

बटाटा : प्रभेद व प्रतिकारक जीन ह्यांचा संबंध प्रथम बटाट्यावर स्पष्ट झाला. केनेथ स्मिथ ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये बटाट्याच्या मोझॅइक रोगांतून एक्स व वाय हे दोन व्हायरस वेगळे दाखविले. त्यांपैकी एक्स हा स्पर्शाने व अवजारांनी पसरतो, तर वाय हा मावा किडींमार्फत, विशेषतः मायझस पर्सिकी ह्या जातीमार्फत, पसरतो. १९५५ मध्ये जी. कॉकरहॅम ह्यांनी बटाट्याच्या एक्स व्हायरसाचे चार गट पाडले. त्यांचा आधार केवळ एवढाच होता, की एखादा प्रभेद एनएक्स व एनबी ह्या दोन प्रतिकारक जीनांपैकी एकाला चुकवितो, दोहोंना चुकवितो, की कोणालाच चुकवीत नाही. प्रभेदांचे वर्गीकरणच वाणांच्या आधारे करावे लागले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे आरएक्स हा अधिक व्यापक प्रतिकार देणारा जीन वापरात आला. त्यालाही चुकविणारा प्रभेद बोलिव्हियात, म्हणजे बटाट्याच्या मूळ प्रदेशात आढळला. परंतु तो जगभर पसरला नाही.

वाय व्हायरसाची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे. त्याचा सामान्य प्रभेद ‘ओ’ ह्या अक्षराने दर्शवितात. बटाट्याच्या अनेक वाणांत एनवाय नावाचा जीन असून तो ‘ओ’ प्रभेदाविरुद्ध अतिसंवेदनशील प्रतिक्रिया घडवून आणतो. तंबाखूच्या शिरा काळ्या पाडणारा ‘एन’ प्रभेद ह्या जीनाला चुकवितो. १९५० नंतरच्या दशकात त्याने यूरोपातील तंबाखू व बटाटा ह्या पिकांत मोठी साथ आणली. एकाच झाडात ‘ओ’ व ‘एन’ एकत्र आले असता त्यांच्या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे परस्परांत बदलून पुनःसंयोजित प्रभेद तयार होतात. त्यांपैकी कंदांवर मृत ऊतकांची वर्तुळे पाडणारा ‘एनटीएन’ १९८० च्या सुमारास हंगेरीत, तर ‘एन-विल्गा’ हा त्याच दशकात पोलंडमध्ये विल्गा ह्याच नावाच्या वाणावर आढळला. ह्या दोन्ही प्रभेदांत एचसी-प्रो हे प्रथिन बहुतांशी ‘एन’ कडून आलेले असते, आणि एनवाय जीन नेमके तेच प्रथिन ओळखत असतो. साहजिकच एनवाय असलेल्या वाणांच्या शेतात ‘ओ’ अडतो व पुनःसंयोजित प्रभेद पुढे जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः आयडाहो व वॉशिंग्टन ह्या बटाटा-उत्पादक राज्यांत, २०१० नंतरच्या दशकात ‘ओ’ चे प्रमाण घसरत जाऊन पुनःसंयोजित प्रभेदांचे प्रमाण वाढले. वाणांतील प्रतिकार हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

दुसरे कारण सहिष्णुतेचे आहे. तेथील रसेट नॉर्कोटा, शेपडी ह्यांसारख्या लोकप्रिय वाणांवर वाय व्हायरसाची लक्षणे अत्यंत सौम्य असतात. बेणे तयार करणाऱ्या शेतातील रोगट झाडे डोळ्यांनी पाहून उपटण्याची जी पद्धत आहे ती अशा वाणांत निरुपयोगी ठरते. रोगट कंद निरोगी म्हणून प्रमाणित होतात आणि पुढील वर्षी नव्या शेतात साथीची सुरुवात जमिनीतूनच होते. नव्या पुनःसंयोजित प्रभेदांची पानांवरील लक्षणे मूळ ‘ओ’ पेक्षा सौम्य असल्याने ही अडचण आणखी वाढली. सोलॅनम स्टोलोनिफेरम ह्या रानटी जातीतून आणलेला आरवाय हा जीन मात्र वाय व्हायरसाच्या सर्वच प्रमुख प्रभेदांना अडवितो. तो व्हायरसाचे कवच-प्रथिन ओळखतो, हे २०२० मध्ये दाखविण्यात आले. कवचाचा तो भाग बदलणे व्हायरसाला परवडत नाही, म्हणूनच हा प्रतिकार इतकी वर्षे टिकला असावा.

भारतात १९४९ मध्ये पाटणा येथे स्थापन झालेल्या व १९५६ मध्ये सिमल्यास हलविलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने प्रतिकारक वाणांइतकाच भर निरोगी बेण्यावर दिला. उत्तरेच्या मैदानी प्रदेशात मावा कमी असतो त्या काळात, म्हणजे ऑक्टोबरपासून, बेण्याचे पीक घ्यावयाचे आणि दर १०० संयुक्त पानांवर २० मावा ही मर्यादा गाठण्यापूर्वीच पाला कापून टाकावयाचा, अशी ही पद्धत आहे. महाराष्ट्रात अशी मावारहित खिडकी मिळत नाही. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो. त्याचे बेणे प्रामुख्याने पंजाबातून येते व मंचरच्या बाजारातून गावोगाव जाते. दख्खनच्या पठारासाठी १९७२ मध्ये प्रसारित केलेल्या हळव्या वाणाचे नाव ‘कुफ्री लवकर’ असे मराठी शब्दावरून ठेवले गेले होते. वाणाचे नाव स्थानिक असले, तरी बेणे बाहेरचे असल्याने त्यावरील व्हायरसाची निवड मात्र मंचरच्या शेतात न होता जलंधरकडील शेतात होते. दक्षिणेत एखादा नवा प्रभेद दिसल्यास त्याचा शोध उत्तरेकडील बेण्याच्या मळ्यांत घ्यावा लागतो, तो ह्यामुळेच.

ह्याचे चांगले उदाहरण शेंडा-पर्णगुच्छ ह्या रोगाचे आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उत्तर भारतातील बटाट्यावर शेंड्याची पाने वळण्याचा नवा रोग दिसू लागला. तपासाअंती तो टोमॅटो पर्णगुच्छ नवी दिल्ली ह्या व्हायरसाचाच बटाट्याशी जुळवून घेतलेला प्रभेद निघाला. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. बटाट्याचे प्रचारातील बहुतेक वाण त्यास बळी पडले. १९८० मध्ये प्रसारित झालेला कुफ्री बहार हा वाण मात्र बऱ्याच अंशी बचावला. विशेष म्हणजे तो ह्या रोगासाठी निवडलेला नव्हता, कारण त्या वेळी हा रोग ज्ञातच नव्हता. प्रतिकारक्षमता कधी कधी अशी आपसूकच हाती लागते. ती जपून ठेवण्यासाठी जुने वाण मोडीत न काढणे हाच एक उपाय आहे.

टोमॅटो मोझॅइक : टोमॅटोवरील सर्वांत बोधप्रद उदाहरण इंग्लंडमधील काचगृहांतले आहे. टोमॅटो मोझॅइक व्हायरस स्पर्शाने, हत्यारांनी व बियांच्या सालीवरून पसरतो. त्यास प्रतिकार करणारे तीन जीन रानटी जातींतून मिळाले : टीएम-१, टीएम-२ व टीएम-२ चा वर्ग हे चिन्ह असलेला तिसरा. जे. पेलम ह्यांनी १९६६ मध्ये ह्या जीनांच्या आधारे व्हायरसाच्या प्रभेदांना शून्य, एक, दोन अशा संज्ञा दिल्या. त्याच सुमारास टीएम-१ असलेले वाण लागवडीत आले आणि थोड्याच काळात काचगृहांतून ‘शून्य’ प्रभेदाची जागा ‘एक’ प्रभेदाने घेतली. पेलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा बदल प्रतिकारक वाणांच्या वापरानेच झाल्याचे दाखवून दिले. वाणाने व्हायरसाची लोकसंख्या बदलल्याचा एवढा स्वच्छ पुरावा वनस्पतिविकृतिविज्ञानात क्वचितच मिळतो, कारण काचगृह बंदिस्त असते व वाणांची नोंद काटेकोर ठेवलेली असते.

तिसरा जीन मात्र जवळजवळ अर्धशतक टिकला. तो व्हायरसाला एका पेशीतून दुसऱ्या पेशीत नेणारे वहन-प्रथिन ओळखतो. हे प्रथिन बदलल्यास व्हायरसाची हालचालच मंदावते, त्यामुळे त्याला चुकविणारे प्रभेद निपजले तरी फोफावत नाहीत असा अनुभव होता. ही समजूत २०१४-१५ च्या सुमारास इझ्राएल व जॉर्डन येथे मोडली. तेथे आढळलेला टोमॅटो तपकिरी सुरकुती-फळ व्हायरस ही त्याच वंशातील वेगळी जाती असून तिचे वहन-प्रथिन ह्या जीनास ओळखू येत नाही. काही वर्षांतच बिया व रोपे ह्यांच्या व्यापारातून ती अनेक खंडांत पोहोचली.

पर्णगुच्छ : भारतात टोमॅटोचा सर्वांत जुना व हानिकारक व्हायरसजन्य रोग म्हणजे पर्णगुच्छ, अर्थात लीफ कर्ल, होय. पाने आखडून वर वळतात, शिरा जाड होतात, झाड खुजे राहते आणि लवकर लागण झाल्यास फळ धरतच नाही. आर. एस. वासुदेव व जे. सॅम राज ह्यांनी १९४८ मध्ये ह्याचे वर्णन केले. पुढे हा एकच व्हायरस नसून अनेक जातींचा समूह आहे असे आढळले. उत्तरेत दोन खंडांचे आनुवंशिक द्रव्य असलेला नवी दिल्ली व्हायरस, तर दक्षिणेत एकाच खंडाचा बंगलोर व्हायरस मुख्य मानला जाई. पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी एक स्वतंत्र जातीही नोंदली गेली आहे. महाराष्ट्र हा ह्या दोन क्षेत्रांचा सांधा आहे. येथील शेतात कोणता व्हायरस आहे, हे केवळ पान पाहून सांगता येत नाही.

प्रतिकारक वाणांचे यश ह्या भौगोलिक फरकावरच अवलंबून राहिले. हिसार येथील कृषी विद्यापीठात जी. कल्लू व एम. के. बॅनर्जी ह्यांनी रानटी टोमॅटोच्या एका जातीतून प्रतिकार आणून एच-२४ हा वाण तयार केला व १९९० मध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. ह्यातील जीन टीवाय-२ म्हणून ओळखला जातो. तैवानमधील आशियाई भाजीपाला संशोधन केंद्राने त्याचा विस्तृत उपयोग केला. दक्षिण भारतातील व तैवानमधील व्हायरसांविरुद्ध टीवाय-२ उपयुक्त ठरला. नवी दिल्ली व्हायरसापुढे मात्र तो अपुरा पडला. हिसारला जन्मलेला प्रतिकार दक्षिणेत अधिक कामी यावा, हा एक विचित्र योग म्हणावयाचा. सोलॅनम चिलेन्से ह्या दुसऱ्या रानटी जातीतून मिळालेले टीवाय-१ व टीवाय-३ हे जीन निराळ्या रीतीने कार्य करतात. ते व्हायरसाचे विशिष्ट प्रथिन ओळखत नाहीत, तर त्याच्या जीनांची अभिव्यक्ती सर्वसाधारणपणे दडपतात. त्यामुळे त्यांचा प्रतिकार अधिक व्यापक असला, तरी तो पूर्ण नसतो. झाडात व्हायरस अल्प प्रमाणात राहतोच. व्हायरसाबरोबर बीटा-उपग्रह (व्हायरसाच्या आधाराने वाढणारा डीएनएचा लहान रेणू) असल्यास हा प्रतिकार क्षीण होतो, आणि भारतात असे उपग्रह सर्रास आढळतात.

अर्धवट प्रतिकाराखाली काय घडते ह्याचे उत्तर मोरोक्कोने दिले आहे. तेथील सूस खोऱ्यात टीवाय-१ असलेल्या टोमॅटोची लागवड वाढल्यावर दोन जुन्या पर्णगुच्छ व्हायरसांच्या संकरातून झालेला एक पुनःसंयोजित प्रकार २०१० नंतर पुढे आला व त्याने आपल्या दोन्ही पूर्वजांना हटविले. संवेदनशील वाणावर तो पूर्वजांपेक्षा सरस नव्हता. प्रतिकारक वाणावर मात्र त्याचे पारडे जड होते. प्रवरा खोऱ्यासारख्या प्रदेशात, जेथे एकाच वेळी अनेक पर्णगुच्छ व्हायरस वावरतात व बहुतेक संकरित वाणांतील प्रतिकार त्याच दोन-तीन जीनांवर आधारलेला असतो, तेथे असा प्रकार निपजण्यास सर्व साहित्य तयार आहे. बंगलोरजवळील हेस्सरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने २०१० च्या सुमारास प्रसारित केलेल्या अर्का रक्षक ह्या संकरित वाणात पर्णगुच्छाबरोबरच जिवाणुजन्य मर व करपा ह्यांचाही प्रतिकार एकत्र आणला आहे. संगमनेरला जवळचे संशोधन केंद्र म्हणजे राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ (स्थापना १९६८). धनश्री, भाग्यश्री, फुले राजा हे टोमॅटोचे वाण तेथील होत. बाजारात मात्र खाजगी कंपन्यांच्या संकरित वाणांचेच प्राबल्य आहे, आणि त्यांत कोणते जीन आहेत हे खरेदीदारास सहसा कळत नाही.

संगमनेर परिसरातील २०२० ची साथ : २०२० च्या उन्हाळ्यात संगमनेर, अकोले, जुन्नर व आसपासच्या तालुक्यांतील टोमॅटोची फळे एकसारखी न पिकता त्यांवर लाल, पिवळे व हिरवट पट्टे दिसू लागले. फळे आतून कडक राहत व काही काळी पडत. शेतकऱ्यांनी ह्या रोगास ‘तिरंगा’ असे नाव दिले. नाव चपखल आहे, परंतु निदान म्हणून ते निरुपयोगी आहे. कारण तीन रंगांचे फळ होण्यास अनेक कारणे असू शकतात. तापमान सु. ३०° से. च्या वर राहिले, की फळातील लाल रंगद्रव्य (लायकोपीन) नीट तयार होत नाही व पिवळे तेवढे उठून दिसते. पालाशाची कमतरता व पांढऱ्या माशीने केलेले शोषण ह्यांनीही पक्वतेत विषमता येते. नमुने बंगलोरच्या उपर्युक्त संस्थेत तपासले असता काकडी मोझॅइक व्हायरस प्रामुख्याने आढळला. टाळेबंदीचा काळ असल्याने बाजार आधीच विस्कळीत होते. त्यात ह्या टोमॅटोमुळे माणसासही अपाय होतो अशी आवई उठली व मागणी घसरली. वनस्पतींवरील व्हायरसांनी माणसास रोग होत नाही. ज्याचे शेत निरोगी होते त्या शेतकऱ्यासही ह्या गैरसमजाची झळ लागली, हे नुकसान व्हायरसाच्या खाती मांडता येणार नाही.

ह्या घटनेचा प्रतिकारक वाणांशी असलेला संबंध वरकरणी दिसत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. पर्णगुच्छ-प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणाचा काकडी मोझॅइकवर काहीही परिणाम होत नाही. ह्या व्हायरसास खात्रीने अडविणारा प्रचलित व्यापारी वाण टोमॅटोत नाही. त्याच्या आश्रय वनस्पतींची संख्या हजाराहून अधिक असून त्यात काकडी, भोपळा, मिरची, केळी व अनेक तणे येतात. माव्याच्या ८० हून अधिक जाती तो वाहून नेतात. मावा काही सेकंदांच्या टोचणीत व्हायरस उचलतो व तितक्याच वेळात दुसऱ्या झाडाला देतो, म्हणून कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. एका व्हायरसाविरुद्ध प्रतिकार आणल्यावर पिकात जी जागा मोकळी राहते ती दुसरा व्हायरस भरून काढतो, असा अनुभव इतरत्रही आहे. काकडी मोझॅइकबरोबर उपग्रह-आरएनए असल्यास लक्षणे एकदम बदलतात. फ्रान्समधील अल्सेस प्रांतात १९७२ साली टोमॅटोची झाडे काळी पडून मेली ती अशाच उपग्रहामुळे.

फुलकिड्यांमार्फत पसरणारा व्हायरस : फळांवर वर्तुळे व शेंडा करपणे ही लक्षणे बहुधा भुईमूग शेंडेमर व्हायरसाची असतात. शेतकरी त्यास ‘टोस्पो’ म्हणतात. हा व्हायरस पूर्वी टोमॅटो ठिपकेदार मर (स्पॉटेड विल्ट) व्हायरस म्हणूनच ओळखला जाई. तो वेगळी जाती असल्याचे १९९२ मध्ये सिद्ध झाले. नामकरणातील हा बदल केवळ पुस्तकी नाही. टोमॅटोत एसडब्ल्यू-५ नावाचा जीन स्पॉटेड विल्टविरुद्ध जगभर वापरला जातो, परंतु तो अमेरिकी गटातील व्हायरसांच्या वहन-प्रथिनातील ठराविक भाग ओळखतो. आशियाई गटातील शेंडेमर व्हायरसात तो भाग तसा नसल्याने परदेशातून आलेल्या ‘टोस्पो-प्रतिकारक’ वाणाकडून येथे फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. ज्या देशांत एसडब्ल्यू-५ उपयोगी पडला त्या ऑस्ट्रेलिया, स्पेन, इटली व कॅलिफोर्निया येथेही त्यास चुकविणारे प्रभेद आढळले आहेत. ह्या प्रभेदांच्या वहन-प्रथिनात बहुधा एकाच ॲमिनो अम्लाचा बदल असतो. हा व्हायरस फुलकिडे बाल्यावस्थेतच ग्रहण करतात व प्रौढ झाल्यावर पसरवितात. त्यामुळे रोगट झाड व गाजरगवतासारखी तणे फुलकिड्यांच्या पैदाशीपूर्वीच काढून टाकणे हा उपाय इथे काकडी मोझॅइकपेक्षा अधिक फलदायी होतो.

प्रतिकाराचा टिकाऊपणा : एखादा जीन किती वर्षे टिकेल हे तीन गोष्टींवर ठरते. त्याला चुकविण्यासाठी व्हायरसाला किती बदल करावे लागतात, त्या बदलांची व्हायरसाला किती किंमत मोजावी लागते, आणि तो जीन किती क्षेत्रावर व वर्षातील किती काळ उभा असतो. पहिल्या दोन बाबी निसर्गाच्या स्वाधीन आहेत. तिसरी शेतकरी, रोपवाटिका व बियाणे-विक्रेते ह्यांच्या हाती आहे आणि नेमकी तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. संपूर्ण तालुक्यात एकाच संकरित वाणाची लाट आली, की प्रभेदाची निवड वेगाने होते. एका वाणात दोन भिन्न तऱ्हेचे जीन एकत्र आणणे, गावात निरनिराळ्या जीनांचे वाण असणे आणि दोन लावणींमध्ये काही आठवडे टोमॅटोरहित काळ ठेवणे ह्यांनी ती मंदावते. डोमिनिकन प्रजासत्ताकात १९९० नंतरच्या दशकात पांढऱ्या माशीच्या आश्रय पिकांवर सुमारे तीन महिन्यांची सक्तीची बंदी घालून पर्णगुच्छ आटोक्यात आणला गेला. संगमनेर-जुन्नर पट्ट्यात अशी बंदी अमलात आणणे कठीण आहे. उन्हाळी टोमॅटोला मिळणारा भाव हाच वर्षाच्या हिशेबाचा आधार असलेली कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. निदान एका शिवारातील लावणी एकाच पंधरवड्यात करणे व काढणी संपताच झाडे मुळासकट उपटून नष्ट करणे शक्य असते. वाळलेला वेल बांधावर पडून राहतो व त्यावरील हिरव्या फुटव्यांत पांढरी माशी पुढील लावणीची वाट पाहते, हे दृश्य मात्र सर्वत्र दिसते.

रोपांचा व्यापार हा प्रभेदांच्या प्रसाराचा आणखी एक मार्ग आहे. पूर्वी शेतकरी गादीवाफ्यावर स्वतःची रोपे तयार करीत. आता प्लॅस्टिकच्या खणांच्या तबकांत नारळाच्या भुश्यावर वाढविलेली रोपे रोपवाटिकांतून तालुक्याबाहेर जातात. जाळीचे छिद्र मोठे असल्यास पांढरी माशी व फुलकिडे आत शिरतात आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच रोपे विकली जातात. चाळीस ते पन्नास छिद्रे दर इंचास असलेली कीटकरोधक जाळी, दुहेरी दार आणि रोपवाटिकेपासून जुन्या टोमॅटोचे अंतर ह्या साध्या गोष्टी प्रतिकारक जीनाचे आयुष्य वाढवितात. स्पर्शाने पसरणाऱ्या व्हायरसांबाबतीत जाळीचा उपयोग नसतो. तेथे बियांवरील प्रक्रिया, हात व कात्री साबणाने धुणे आणि सुतळी व बांबू पुन्हा वापरण्यापूर्वी स्वच्छ करणे ह्यांवरच भिस्त ठेवावी लागते.